पासिंगपर्यंतचा हिवाळा

नरडाणा,
१४ नोव्हेंबर २०२५

नाना,

नमस्कार घ्या आणि आधी चष्मा लावा, अक्षर बारीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्हाला खरं वाटत नाही, म्हणून हे पत्र. दिवाळीत आपण भांडलो तेव्हा अर्धी गल्ली ओट्यावर येऊन उभी होती. माझं म्हणणं गल्लीने नीट ऐकलं, फक्त तुम्ही ऐकलं नाहीत.

मी काही रस्त्यावर आलेली नाही. संस्थेतून निवृत्त झाले, क्वार्टर रिकामं करून दिलं, आणि संस्थेने फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी विकायला काढली तेव्हा ती मी घेतली. चौदा वर्षं त्या गाडीत नर्स म्हणून बसले, ड्रायव्हर सुट्टीवर गेला की चालवलीही मीच. तिच्या कुठल्या बिजागरीला कधी तेल लागतं ते मला पाठ आहे. पेशंटचं बाकडं होतं तिथे आता माझी गादी आहे. औषधांच्या कपाटात डाळ-तांदूळ, खाली छोटं सिलिंडर, मागच्या दाराशी पाण्याची टाकी. उभं राहिल्यावर डोकं छताला लागत नाही, कारण आईने मला उंचीच बेताची दिली. गाडी सुमनबाईंच्या खळ्यात लावली आहे. सुमनबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या आया. त्यांचं घर खळ्याला लागूनच आहे आणि त्या दिवसातून चार वेळा डोकावतात, त्यामुळे मी एकटी पडले असंही समजू नका.

तुम्ही म्हणता, गाडी विक आणि फैजपूरला राहायला ये, तो खटारा माझ्या दारात आणू नको. मी म्हणते, मला माझ्या घरात राहू द्या, मग त्याला चाकं का असेनात. यावर आपण मरेपर्यंत भांडू शकतो. त्यापेक्षा एक ठरवू. १८ फेब्रुवारीला गाडीला पंधरा वर्षं पुरी होतात. त्याआधी आरटीओत नेऊन पासिंग करून घ्यावं लागतं. पास झाली तर पुढची पाच वर्षं ती चालेल, नापास झाली तर भंगारात जाईल. नापास झाली तर मी कपड्यांची पिशवी घेऊन तुमच्याकडे येते आणि एक अक्षर बोलणार नाही. पास झाली तर तुम्ही 'राहायला ये' हा विषय पुन्हा काढायचा नाही. मंजूर असेल तर कळवा.

कामिनी


फैजपूर,
२२ नोव्हेंबर २०२५

कामिनी,

तुझे पत्र मिळाले. चष्मा लावूनच वाचले. मंजूर.

पण फेब्रुवारीच्या आधी डिसेंबर आणि जानेवारी येतात, हे तू विसरलीस. तुला माणसाचा ताप कळतो, थंडी मला कळते. चाळीस वर्षे केळी करतो आहे. तुमच्याकडे पारा सहावर उतरतो आणि तू पत्र्याच्या डब्यात झोपणार. केळीला चरका लागला म्हणजे काय होते ते तू लहानपणी पाहिले आहेस. पाने पिवळी पडतात, घड काळा पडतो आणि वर्षाची मेहनत जाते. तुझा घड मला काळा झालेला नको आहे.

भूषणच्या हाती सामान पाठवतो. भूषण म्हणजे आपल्या शेजारच्या पितांबर गवंड्याचा पुतण्या, तो पिकअपमधून केळी घेऊन एक दिवसाआड धुळ्याला जातो, तुझ्याकडे वाट वाकडी करील. सामानात घडाला घालायच्या पिशव्यांचे एक बंडल आहे. सर्व खिडक्यांना आणि छतावरच्या दोन्ही झरोक्यांना आतून पिशव्यांचे दोन-दोन थर लाव आणि चिकटपट्टी मार. दोन गठ्ठे केळीच्या वाळलेल्या पानांचे आहेत. खालच्या प्लायवूडच्या फळ्या उचल, पाने दाबून पसर आणि फळ्या पुन्हा ठोक. जमिनीतला गारवा वर येणार नाही. कुठेही फट ठेवू नकोस, फटीतून येणारे वारे सर्वांत वाईट.

असोद्याची भरताची वांगीही आहेत. दिवाळीला आलेले आपला नवीन आणि सूनबाई ऋतिका पुण्याला परत गेले. घर ठीक आहे. तुझी वहिनी असती तर तुला चार शब्द तिने समजावून सांगितले असते. मला तसे सांगता येत नाही, म्हणून पिशव्या पाठवतो आहे.

जीवराम


नरडाणा,
९ डिसेंबर २०२५

नाना,

तुमचा घड ठणठणीत आहे. पिशव्या लावल्या, पानं पसरली, फळ्या ठोकल्या. भूषण खिडक्या धरायला थांबला आणि जेवूनही गेला. वांग्यांचं भरीत सुमनबाईंनी कपाशीच्या काड्यांवर भाजून केलं, सोबत कळण्याच्या भाकरी. खळ्यात आम्ही सात बाया बसलो होतो आणि तुमचं नाव निघालं, चांगल्या कारणाने.

गाडी आता इतकी ऊबदार आहे की परवा सुमनबाई आत आल्या, शाल काढून ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हनी गाडीमा तं उन्हाळा शे." बाहेर लोक कानटोप्या घालून फिरतात आणि मी आत सुती साडीत चहा करते. तुमच्या पिशव्या येण्याआधी मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते, ते तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

बाकी माझा दिनक्रम ऐका, म्हणजे तुमची खात्री पटेल. सकाळी गाडीचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे मागच्या काचांवर पहिलं ऊन येतं. थंडीत बॅटरी कुरकुरते, म्हणून तिची टोकं घासून व्हॅसलीन लावते आणि दर तिसऱ्या दिवशी इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवते. दर रविवारी गाडी चार हात पुढे, पुढच्या रविवारी चार हात मागे घेते, नाहीतर उभ्या गाडीचे टायर एका बाजूने बसतात. दाराच्या रबराला पावडर, बिजागऱ्यांना तेल. एवढी काळजी मी माझ्या गुडघ्यांची घेतली असती तर आज पळाले असते. पासिंगला दोन महिने आहेत आणि मला तुमच्या पराभवाची तारीख दिसायला लागली आहे.

कामिनी


फैजपूर,
२० डिसेंबर २०२५

कामिनी,

वाचून समाधान वाटले. दूध डेअरीवर चार लोकांना तुझे पत्र दाखवले. गाडी केळीसारखी बांधता येते हे कोणाला सुचले नव्हते, मला सुचले. प्रेमराज मास्तरांनी पत्र दोनदा वाचले आणि त्यांच्या मुलाच्या ट्रकसाठी पिशव्या मागितल्या.

इकडेही कडाका आहे. सकाळी बांधावर ओला पाला जाळून धूर करतो आहोत. वारे अडवायला उत्तरेला हिरवी जाळी लावली. मजूर लवकर जातात, मग मी जाळीच्या आडोशाला बसून राहतो. घरी जाऊन काय करणार, टीव्ही लावला तर मला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना फार ऐकू येतो.

पिशव्या होळीपर्यंत काढू नकोस. दुपारी ऊन पडले तरी काढू नकोस. थंडी फसवते.

जीवराम


नरडाणा,
११ जानेवारी २०२६

नाना,

उशीर झाला, रागावू नका. इकडे सगळं ठीक आहे. सकाळी काचांवर थोडं पाणी धरतं आणि गादीला जरा वास येत होता, म्हणून ती उन्हात टाकली. पासिंगच्या आधी एकदा तपासून घ्यावी म्हणून पुना मिस्तरीला बोलावलं होतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस आहे. किरकोळ काम निघालं आहे, होऊन जाईल.

संक्रांतीचा तिळगूळ भूषणजवळ दिला आहे. गोड बोलायचं तेवढं बघा.

कामिनी


फैजपूर,
२४ जानेवारी २०२६

कामिनी,

तुझे अकरा तारखेचे पत्र फार छोटे होते. तू कधी एवढे छोटे लिहीत नाहीस. मला वाटले तुला थंडी बाधली आणि तू लपवते आहेस. सुंठ आणि बाजरीचे पीठ बांधून ठेवले आणि भूषणची वाट पाहिली, की हे घेऊन जा आणि बाईला डॉक्टरकडे ने.

भूषण आला आणि माझ्या कानाजवळ ओरडून म्हणाला, "नाना, आत्याच्या गाडीले तळच नाही राह्यला. आत उभं राह्यलं तं पाय मातीत." मला आधी समजेना. मग त्याने सर्व सांगितले. गाडी विटांवर चढवली आहे. फळ्या काढल्या तेव्हा पाने चिखलासारखी निघाली आणि पानांखालचा पत्रा हाताने तुटत होता. तू पंधरा दिवसांपासून सुमनबाईंच्या घरात झोपते आहेस. पानांबद्दल नानांना सांगायचे नाही, अशी शपथ तू त्याला घातली होतीस. त्याने ती चार दिवस पाळली, एवढे त्याला पुष्कळ झाले.

तीन दिवस झाले, मी बागेत जातो आणि घडाच्या पिशव्यांकडे बघत बसतो. पिशवीला भोके असतात, कामिनी. प्रत्येक पिशवीला. घडाला घाम येतो, तो बाहेर गेला नाही तर घड आतून सडतो, म्हणून कंपनीच भोके पाडून पाठवते. पिशवी खालून उघडी ठेवतात. हे पोरालाही ठाऊक असते. आणि मी तुला लिहिले की दोन-दोन थर लाव आणि फट ठेवू नकोस. माणूस श्वास घेतो, चहा उकळतो, भात शिजवतो, ते पाणी कुठे जाणार हा विचार मला शिवला नाही. चाळीस वर्षे केळी केली असे मीच पहिल्या पत्रात लिहिले होते.

आता दुसरे लिहितो, ते जड जाते आहे. मी स्वतःला विचारले की हे मी विसरलो की मला विसरायचे होते. सल्ला मी खोटा दिला नाही, तुला ऊब मिळावी म्हणूनच दिला. पण गाडी नापास व्हावी असे मला रोज वाटत होते. देवासमोर दिवा लावतानाही वाटत होते. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात कोणी माझ्याशी मोठ्याने बोलत नाही. तू दिवाळीत भांडलीस, तेव्हा दोन दिवस घर भरल्यासारखे वाटले. मला तुझी काळजी होती हे खरे, पण त्यापेक्षा मला माझी जास्त होती.

म्हणून आपले ठरलेले मी रद्द करतो. गाडी पास होवो न होवो, तुझ्यावर बंधन नाही. मिस्तरीचा जो खर्च असेल तो माझा. नाही म्हणू नकोस.

जीवराम


नरडाणा,
३१ जानेवारी २०२६

नाना,

तुमचं पत्र मी खळ्यात उभ्याउभ्याच वाचलं आणि मग बराच वेळ बाजेवर बसून राहिले. सुमनबाईंना वाटलं कोणी गेलं.

आधी माझा गुन्हा ऐका. चौदा वर्षं याच गाडीतून मी गावोगाव हिंडले आणि टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगितली, की खिडकी उघडी ठेवा, थंडी असली तरी ठेवा, माणसाच्या श्वासाला वाट पाहिजे. लोक ऐकत नसत तेव्हा त्यांच्या खिडक्यांची पोती मी स्वतः ओढून काढली आहेत. आणि माझ्या स्वतःच्या खिडक्यांना मी चिकटपट्टी मारली. नाताळापासून सकाळी छतावरून थेंब पडत होते. मी ते फडक्याने टिपत होते आणि तुम्हाला ऊब किती छान आहे ते लिहीत होते. मला पैज जिंकायची होती. पैजेच्या नादात नाकाला येणारा वास मी महिनाभर नाकारला. तेव्हा सगळा दोष तुमच्या पिशव्यांच्या माथी मारू नका, अर्धा माझ्या ताटात वाढा.

लपवलं ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, आणि थोडं तुम्ही हसाल म्हणूनही.

पुना मिस्तरी गाडीखाली आडवे झाले, पान्याने ठोकत ठोकत पुढून मागे गेले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "तळ बठ्ठा सडी गया, बाई. पन सांगाडा खणखणीत शे." त्यांचं म्हणणं असं की गंज जुना आहे. दवाखान्याच्या दिवसांत आम्ही रोज फिनेलचं पाणी ओतून फरशी धूत होतो, ते पाणी फळ्यांखाली जाऊन बसायचं. तुमच्या ओल्या पानांनी शेवटचा घास घेतला एवढंच. पानं नसती तर मी फळ्या उचलल्याच नसत्या आणि आरटीओच्या साहेबांनी हातोडी मारली असती तेव्हा ती आरपार गेली असती. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. मन राखायचं असतं तर मागच्यासारखं छोटं पत्र लिहिलं असतं.

सडलेला पत्रा कापून झाला. नवा जाड पत्रा बसवून वेल्डिंग चाललं आहे, त्यावर गंज न धरणारा काळा रंग दोन हात. फळ्या आता खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, स्क्रूने बसवायच्या, म्हणजे दर महिन्याला उघडून बघता येईल. छतावरचा एक झरोका कायम उघडा राहील. रात्री थोडा गारवा येईल, तर येऊ दे, गोधडी आहे. पासिंगची तारीख १० फेब्रुवारी मिळाली आहे आणि तोपर्यंत गाडी तयार होते असा मिस्तरींचा शब्द आहे.

गाडी नापास व्हावी असं तुम्हाला वाटत होतं, हे वाचून मला राग आला. खरंच आला, दिवसभर टिकला. पण नाना, तुम्ही आयुष्यात मला पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं सांगितलंत. आई गेली तेव्हाही तुम्ही फक्त किती पाहुणे जेवतील ते सांगितलं होतं. वहिनींनंतर घर कसं झालं असेल हे मला कळायला हवं होतं आणि मी माझ्या बॅटरीची कौतुकं लिहीत बसले. त्याचं मला वाईट वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर पत्रा तुमचा, मजुरी माझी. ठरलेलं मात्र रद्द होणार नाही. तुम्ही दया करून सोडलेली गाडी मला नको. नापास झाली तर मी पिशवी घेऊन येणार म्हणजे येणार. फक्त यावेळी देवासमोर काय मागायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

कामिनी


धुळे,
१० फेब्रुवारी २०२६

नाना,

आरटीओच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. भूषण केळी उतरवून परत निघाला आहे, त्याच्याजवळच देते, पोस्टाची वाट कोण बघणार.

सकाळपासून रांगेत होते. साहेब तरुण होते. त्यांनी आधी दिवे बघितले, मग ब्रेक, मग मला सतरंजी उचलायला लावली. मिस्तरींनी शिकवलं होतं तसं मी न विचारता चार स्क्रू काढून फळी वर केली. साहेबांनी हातोडी घेतली आणि नव्या पत्र्यावर तीन ठिकाणी मारली. माझ्या छातीत काय झालं ते मी लिहीत नाही, नर्सला शोभत नाही. आवाज भरीव आला. त्यांनी विचारलं, काम कोणी केलं. मी पुना मिस्तरींचं नाव सांगितलं. मग ते म्हणाले हॉर्न वाजवा.

हॉर्न वाजेना. खळ्यात हॉर्न कोणासाठी वाजवायचा, मी कित्येक महिन्यांत त्याला हात लावला नव्हता. साहेबांनी कागदावर रेघ ओढली आणि मला वाटलं संपलं, आता फैजपूरला आपली खोली. रांगेतल्या एका रिक्षावाल्याने बॉनेट उघडून वायर खरवडली, जोडली, आणि हॉर्न जो वाजला तो थांबेना. साहेब कानावर हात ठेवून म्हणाले पुरे, पुरे, पास आहे.

पास झाली, नाना. पाच वर्षं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले आणि मग तोंड धुऊन हा चहा घेतला. मला फार आनंद झाला आहे आणि तो सांगायला सगळ्यांत आधी तुम्हीच आठवलात.

तेव्हा 'राहायला ये' हा विषय संपला. आता माझा विषय. मी २२ तारखेला येते आहे, राहायला नाही, भेटायला, गाडी घेऊन. उन्हं तापेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, थांबेन. रोज सकाळी तुमच्याशी मोठ्याने बोलेन आणि संध्याकाळी माझ्या घरात झोपायला जाईन. नापास झाले असते तर यावंच लागलं असतं. आता मला यावंसं वाटतं म्हणून येते. हा खटारा दारात नको हे तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात, ते अजून तसंच असेल तर स्पष्ट लिहा. मी रस्त्याला लावीन आणि जेवायला येईन.

कामिनी


फैजपूर,
१३ फेब्रुवारी २०२६

कामिनी,

पत्र भूषणने दिले आणि मजकूर त्याने आधीच ओरडून सांगितला होता. गल्लीलाही कळले. अभिनंदन.

दारात गाडी लावू नकोस. नाली उघडी आहे, चाक जाईल. आपल्या खळ्यात लाव. तिथे सकाळचे ऊन मागच्या काचांवर येईल अशी जागा मी साफ केली आहे. नळ जवळ आहे. विजेची तार विहिरीवरून ओढून घेतली. जमीन चोपून घेतली, ओल नाही, मी दोन दिवस अनवाणी फिरून पाहिली.

खळ्याचे फाटक अरुंद होते. भूषणकडून तुझ्या गाडीची रुंदी दोरीने मोजून आणवली आणि ९ तारखेला पितांबरला बोलावून एक खांब पाडला. दुसऱ्या दिवशी पासिंग होते हे मला ठाऊक होते. नापास झाली असती तर खांब उगाच पडला असता आणि लोकांनी विचारले असते. मी म्हटले विचारू देत.

आज पितांबर आला होता. विचारत होता की बाईची गाडी आत आली की खांब पुन्हा उभा करायचा ना, विटा तशाच ठेवल्या आहेत. मी त्याला म्हणालो, "आत यायले जेवढी जागा लागते तेवढीच बाहेर जायले लागते. विटा घेऊन जाय."

जीवराम